कडाक्याच्या थंडीनंतर टोर्नेडोचा हंगाम शांत जातो का?

हंट्सव्हिलकर

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर फेब्रुवारीत एक वाद ठरलेला. थंडीची मोठी लाट येऊन गेली की एक गट म्हणतो, "एवढं गोठलंय म्हणजे मार्च संपेपर्यंत टोर्नेडोची चिंता नको." दुसरा गट नेमकं उलट सांगतो, "थंडी जितकी जोरात, तितकी वसंतातली वादळं जोरात." दोन्हीकडचे लोक इतकं ठासून बोलतात की अलाबामात नव्याने आलेली मंडळी गोंधळून जातात. आणि या भागात असा गोंधळ महागात पडतो. म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या गटाचं म्हणणं काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे खरं असतं. दुसऱ्या गटाच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. पण फेब्रुवारीतल्या थंडीवरून एप्रिल कसा जाईल हे दोघांनाही सांगता येत नाही, आणि तसं सांगून कुणाला निर्धास्त करणं बरोबर नाही.

टोर्नेडो देणाऱ्या वादळाला काय काय लागतं? जमिनीलगत उबदार, दमट हवा. तिच्या वर थंड हवा, म्हणजे खालची हवा झपाट्याने वर उसळते. उंचीबरोबर वेग आणि दिशा बदलणारा वारा, ज्यामुळे ही वर चढणारी हवा फिरायला लागते. याला इथे सगळे शिअर म्हणतात. आणि सुरुवात करून द्यायला एखादी फ्रंट (थंड आणि उबदार हवेमधली सरहद्द) किंवा कमी दाबाचा पट्टा. हिवाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत शिअरला तोटा नसतो, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्यांचा पट्टा, पार दक्षिणेला उतरलेला असतो. अडतं ते पहिल्या गोष्टीपाशी. ओल हवी, आणि ती येते मेक्सिकोच्या आखातातून.

थंडीची लाट नेमकी तिथेच घाव घालते. आर्क्टिकची हवा रॉकीजच्या पूर्वेने खाली घसरते. कॅनडापासून टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंत तिला अडवायला एकही आडवी पर्वतरांग नाही. ती सरळ आखातावर जाते, तिथली दमट हवा युकातानच्याही पलीकडे रेटते आणि मागे उरते ती पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखी कोरडी हवा. अशा दिवशी आमच्याकडे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं ते; जितका जास्त तितकी हवा दमट) 10 ते 15 फॅरनहाइटवर असतो. जोरदार टोर्नेडोसाठी तो 60 च्या आसपास लागतो, हिवाळ्यात पंचावन्नवरही भागतं. तेवढी दरी भरून निघेपर्यंत शांतता. आणि भरून निघण्याआधीच पुढची फ्रंट आली, तर हिशेब पुन्हा शून्यापासून.

2014 चा हिवाळा आठवा. जानेवारीत 'पोलर व्होर्टेक्स' (ध्रुवाभोवती फिरणारी थंड हवा) हा शब्द घरोघरी पोचला तो हाच. त्या वर्षी मार्च संपला तरी अख्ख्या देशात टोर्नेडोने एकही बळी गेला नव्हता. पुढच्या वर्षी, 2015 ला, फेब्रुवारी पुन्हा गोठवणारा होता आणि मार्चचे पहिले तीन आठवडे देशभरात एकही टोर्नेडो वॉच (टोर्नेडोला पोषक हवामान असल्याची पूर्वसूचना) निघाला नाही. मार्चमध्ये हे अतिशय दुर्मिळ आहे.

आता याच दोन वर्षांचा पुढचा भाग. 2014 मध्ये 27 एप्रिलला आर्कन्सॉत मेफ्लॉवर आणि व्हिलोनिया या गावांवरून ईएफ 4 (टोर्नेडोच्या तीव्रतेची मोजपट्टी, 0 ते 5) टोर्नेडो गेला, 16 माणसं गेली. व्हिलोनियाने तीनच वर्षांपूर्वी, एप्रिल 2011 मध्येही, टोर्नेडो सोसला होता. 2015 मध्ये शांतता मोडली ती 25 मार्चला. त्या एकाच संध्याकाळी ओक्लाहोमातल्या मूर आणि सँड स्प्रिंग्जला टोर्नेडो झाले.

म्हणजे दार उशिरा उघडलं इतकंच. मला विचारायचंय ते हे: हा 'उशीर' किती भरवशाचा? तुमच्या भागातले अनुभव आणि माहिती लिहा. इथे हवामानशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर फारच उत्तम.

---

प्लेनोवासी

चांगला धागा. फेब्रुवारी 2021 आम्ही डॅलसच्या उत्तरेला काढला. 16 तारखेच्या सकाळी डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उणे 2 फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे 19 सेल्सियस. 1949 नंतरचं सगळ्यात कमी. वीज गेलेली, नळाच्या पाइपांचा भरवसा नाही, आम्ही चौघं एका खोलीत गोधड्या घेऊन. टेक्सासच्या आरोग्य खात्याने त्या लाटेचे 246 मृत्यू नोंदवले. टोर्नेडोचा विचारही त्या आठवड्यात कुणाच्या मनात आला नाही, आणि आमच्याकडे तो येण्याची शक्यताही नव्हती.

माझा प्रश्न साधा आहे. एवढी थंडी पडल्यावर आखाताचं पाणीच गार पडत असेल ना? मग त्याचा परिणाम दोन-तीन आठवड्यांतच का संपावा? पाणी तापायला तर वेळ लागतो.

---

सीमा_शार्लट

प्लेनोवासी, तुम्ही ज्या सकाळचं लिहिताय, त्याच्या आदल्या रात्रीचं आमच्या नॉर्थ कॅरोलायनाचं सांगते. 15 फेब्रुवारी 2021, मध्यरात्रीच्या सुमाराला ब्रन्सविक काउंटीत, ओशन आइल बीचजवळ ईएफ 3 टोर्नेडो झाला. तीन माणसं गेली. तुमच्याकडे बर्फ आणणारी जी प्रणाली होती, तिचंच हे पूर्वेकडचं टोक. टेक्सास गोठलेला आणि अटलांटिकच्या काठाला दमट, कोंदट रात्र.

आमच्या ओळखीचं एक कुटुंब त्या किनाऱ्यावर राहतं. त्या दिवशी टीव्हीवर दिवसभर टेक्सासच चालू होतं. बातम्या बघणाऱ्याला वाटावं की देशभर थंडीच आहे. झोपताना फोन सायलेंटवर. धागाकर्त्यांनी 'निर्धास्त' हा शब्द वापरला ना, तो मला फार पटला. थंडीची लाट देशाच्या मध्यावर असते तेव्हा तिच्या काठावर काय चाललंय, ते वेगळं बघावं लागतं.

---

वेधशाळा

नॉर्मन, ओक्लाहोमात वातावरणशास्त्रात काम करते, त्यामुळे राहवलं नाही. थोडं लांबेल.

सीमाताईंनी सांगितलेली घटना या विषयाचा गाभा आहे. थंडीची लाट म्हणजे एक सरकणारी हद्द. हद्दीच्या आत टोर्नेडो जवळपास अशक्य. पण हद्दीच्या पुढे, जिथे अजून आखाताची किंवा गल्फ स्ट्रीमवरची (अटलांटिकमधला उबदार समुद्रप्रवाह) हवा आहे, तिथे तीच थंडी वादळाला जोर पुरवते. कारण जेट स्ट्रीमचा वेग दोन हवांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. मागे आर्क्टिक, पुढे उष्ण कटिबंध. फरक मोठा, म्हणून वरचे वारे जोरदार, म्हणून शिअर जबरदस्त. 'थंडी जोरात तर वादळं जोरात' म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर ते इथे. फक्त ते त्या दिवसापुरतं आणि त्या काठापुरतं खरं आहे, दोन महिन्यांनंतरच्या वसंताबद्दल त्यातून काही कळत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अलाबामाचंच आहे. 3 मार्च 2019. मॉन्टानात पारा उणे 40 च्या खाली. त्याच दिवशी दुपारी ली काउंटीत, बोरेगार्डजवळ ईएफ 4 टोर्नेडो, 23 मृत्यू. त्या काठावर असलेल्या माणसाला 'यंदा थंडी फार आहे' या वाक्याचा काहीही उपयोग नव्हता.

आता प्लेनोवासींचा प्रश्न. आखात म्हणजे सगळीकडे सारखं पाणी नव्हे. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्याला लागून उथळ पट्टा आहे. उथळ पाणी पटकन गार होतं. फेब्रुवारी 2021 मध्ये दक्षिण टेक्सासच्या खाडीत समुद्री कासवं थंडीने बधिर होऊन तरंगायला लागली. साउथ पाद्रे आयलंडच्या लोकांनी ती होड्यांतून, गाड्यांतून आणून तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरच्या जमिनीवर ओळीने ठेवली. पाच हजारांच्या घरात होती. इतकं ते पाणी गार पडलं होतं.

पण खोल आखातात लूप करंट नावाचा प्रवाह आहे. कॅरिबियनमधून युकातानच्या खिंडीतून वर येतो, वळसा घालतो आणि फ्लोरिडाच्या खालून बाहेर पडतो. भर हिवाळ्यातही तिथलं पाणी 25 सेल्सियसच्या आसपास असतं आणि उष्णता खोलवर साठलेली असते. वरून चार दिवस आर्क्टिक हवा गेली म्हणून त्याला फारसा फरक पडत नाही. उलट कोरडी थंड हवा त्यावरून गेली की भराभर वाफ उचलते.

म्हणून परतीचा वारा कुठून येतोय हे पाहायचं. उच्च दाब टेक्सासवरून सरकत जॉर्जियाच्या बाजूला गेला की त्याच्या पश्चिमेकडे दक्षिणेचा वारा सुरू होतो. पहिल्या दिवशी येते ती त्याच थंड हवेची थोडी मुरलेली आवृत्ती; तिच्यात दम नसतो. अस्सल दमट हवा परत यायला आणखी दोन-तीन दिवस. आणि फ्रंट पार कॅरिबियनपर्यंत घुसली असेल तर त्याहून जास्त. हिवाळ्यात एकामागोमाग एक फ्रंट तीन-चार दिवसांच्या अंतराने येत राहिल्या की हा परतीचा प्रवास दर वेळी अर्ध्यावर तुटतो. 2014 आणि 2015 च्या शांत मार्चचं मुख्य कारण हेच.

गार पडलेल्या उथळ पट्ट्याचा एक वेगळा परिणाम होतो. दमट हवा त्यावरून किनाऱ्याकडे येताना खालून गार होते. मग गॅल्व्हस्टनपासून मोबिलपर्यंत दाट धुकं. जमिनीलगत असा गार थर असला की वरचं वादळ कितीही फिरत असलं तरी टोर्नेडोला खाली टेकणं जड जातं. पण हवा आतल्या भागात शंभर-दोनशे मैल गेली, दोन तास ऊन लागलं, की तो थर मोडतो. म्हणून किनारा धुक्यात आणि मिसिसिपीच्या मधल्या भागात वॉच, असं चित्र फेब्रुवारीत नवीन नाही.

---

अटलांटाचा भाऊ

वेधशाळा, फारच उपयुक्त. एक शंका. 2017 चा हिवाळा उबदार होता आणि जानेवारीतच आमच्या जॉर्जियात हाहाकार झाला होता. 21 ते 23 जानेवारीच्या टोर्नेडोंच्या त्या उद्रेकात जॉर्जिया-मिसिसिपी मिळून 20 जण गेले. ऑल्बनीच्या बाजूला मी नंतर मदतीला गेलो होतो. पेकानच्या बागा मुळासकट आडव्या. वर्षानुवर्षं जपलेली झाडं एका ओळीत, एकाच दिशेला पडलेली. फिरत्या घरांच्या (मोबाइल होम) वस्तीत तर चौथरा आणि पायऱ्या तेवढ्या शिल्लक. तीन पायऱ्या चढायच्या आणि पुढे काही नाही.

मग गणित सरळ आहे ना? उबदार हिवाळा, उबदार आखात, लवकर टोर्नेडो. थंड हिवाळा, गार आखात, उशिरा टोर्नेडो. यात चूक काय?

---

वेधशाळा

सरासरीच्या पातळीवर चूक नाही. त्या हिवाळ्यात आखाताचं पाणी विक्रमी उबदार होतंच. मारिया मोलिना आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास आहे: आखाताचं पाणी सरासरीपेक्षा उबदार असलेल्या वर्षांत मार्च ते मे या काळात टोर्नेडो आणि गारा जास्त, गार असलेल्या वर्षांत कमी. हा एक दुवा. दुसरा दुवा प्रशांत महासागराचा. जॉन अॅलन, मायकेल टिपेट आणि अॅडम सोबेल यांनी 2015 मध्ये दाखवलं की ला निन्याच्या (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार) वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण-मध्य भागात वसंतातले टोर्नेडो आणि गारपीट वाढते, एल निन्योत (तेच पाणी उबदार) घटते.

आता कडक थंडी आणि ला निन्या एकाच वर्षी आले तेव्हा काय झालं ते 2011 मध्ये पाहा. 10 फेब्रुवारी 2011, आमच्या राज्यातल्या नोवाटाला उणे 31 फॅरनहाइट, म्हणजे उणे 35 सेल्सियस. ओक्लाहोमाचा आजवरचा नीचांक. त्यानंतर आठवड्याभरात त्याच नोवाटात 79 फॅरनहाइट. सात दिवसांत 110 अंशांचा फरक! आणि त्याच वर्षीचा एप्रिल देशाच्या इतिहासातला सर्वाधिक टोर्नेडोंचा महिना ठरला, साडेसातशेच्या वर. ला निन्या चालू होता, जेट स्ट्रीम जागेवर होता, आणि फेब्रुवारीतली विक्रमी थंडी एप्रिलपर्यंत कुठेच शिल्लक नव्हती.

त्यामुळे 'थंड हिवाळा, उशिरा टोर्नेडो' हे हंगामाच्या सुरुवातीच्या आकड्यांबद्दलचं विधान म्हणून ठीक आहे. तुमच्या काउंटीत अमुक दिवशी काय होईल, यासाठी ते निरुपयोगी. एका वर्षाचा निकाल दोन-तीन दिवसांच्या उद्रेकांवर ठरतो, आणि ते दिवस हिवाळ्याच्या सरासरीला विचारून येत नाहीत.

---

हंट्सव्हिलकर

27 एप्रिल 2011 आमच्याकडच्या जुन्या मंडळींना अजून तारखेनिशी आठवतो. त्या एका दिवसात दक्षिणेत तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक अलाबामात. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल उद्ध्वस्त करणारा ईएफ 5 पुढे आमच्या वायव्येला लाइमस्टोन काउंटीत पोचला होता. ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या वाहिन्या तुटल्या आणि हंट्सव्हिल कित्येक दिवस अंधारात होतं. पेट्रोल पंप बंद, एटीएम बंद. लोक टेनेसीत जाऊन बर्फ आणि पाणी आणत होते. आणि त्याच वर्षी जानेवारीत इथे भरपूर बर्फ पडला होता. मी जुन्या शेजाऱ्यांना विचारतो तेव्हा बर्फ आणि टोर्नेडो, दोन्ही ते एकाच दमात सांगतात.

2021 चंही पुढचं लिहून टाकतो, कारण प्लेनोवासींच्या लाटेला महिनाच झाला होता. 17 मार्च आणि 25 मार्च, दोन्ही दिवशी आमच्या राज्यासाठी सर्वोच्च पातळीचा धोका जाहीर झाला. 25 तारखेला कॅल्हून काउंटीत पाच जण गेले आणि मध्यरात्रीनंतर जॉर्जियात न्यूनानवर ईएफ 4 आला. म्हणजे कासवं गोठवणाऱ्या थंडीपासून अवघ्या पाच-सहा आठवड्यांत.

---

मांजराकाठ

मी लातूरकडचा, शेती करतो, अमेरिकेत कधी आलो नाही. पण धागा वाचताना सारखं आमचंच आठवत होतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे जी गारपीट झाली, ती अजून अंगावर येते. ज्वारी काढणीला आलेली, हरभरा, गहू, सगळं झोपलं. जनावरं, पाखरं मेली. बांधावर दुसऱ्या दिवशी सकाळीही गारांचे ढीग होते. मग आमच्याकडे त्या वादळांतून टोर्नेडो का होत नाहीत? आणि तुमचा 2014 अन् आमचा 2014, यांचा काही संबंध?

---

वेधशाळा

मांजराकाठ, नमस्कार. तुमचा प्रश्न मोलाचा आहे. आधी दुसऱ्या भागाचं उत्तर: दोन्ही 2014 चे असले तरी एकातून दुसरं झालं असं जोडू नका.

पण साहित्य बरंचसं एकच. त्या वर्षी पश्चिमी विक्षोभ नेहमीपेक्षा खूप दक्षिणेला उतरले. वरच्या थरात थंड हवा आली, खाली अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराकडून ओल मिळाली. वर थंड, खाली उबदार-दमट, म्हणून ढग उंच गेले आणि गारा मोठ्या झाल्या. टोर्नेडोसाठी याशिवाय जमिनीपासून पहिल्या एक किलोमीटरमध्येच वाऱ्याने जोरात वळण घ्यावं लागतं आणि ढगाचा तळ खाली असावा लागतो, म्हणजे खालची हवा खूपच दमट हवी. दख्खनच्या पठारावर मार्चमध्ये जमिनीलगतची हवा बहुधा कोरडी, ढगांचा तळ उंच. गारांना ते चालतं, टोर्नेडोला नाही.

जिथे हे सगळं जुळतं तो आपल्या उपखंडातला भाग म्हणजे गंगेचा त्रिभुज प्रदेश. बांगलादेशात 26 एप्रिल 1989 ला दौलतपूर-साटुरियाच्या टोर्नेडोत सुमारे 1300 माणसं गेली. जगातला सर्वाधिक बळी घेणारा टोर्नेडो म्हणून त्याची नोंद आहे. खाली उपसागराची ओल, वर पश्चिमेची कोरडी हवा आणि जेट. ओक्लाहोमाशी फार साम्य आहे त्यात.

---

मृणाल_कुकव्हिल

मी गेल्या ऑगस्टमध्ये शिकायला टेनेसीत आले. सगळे सांगतात की 3 मार्च 2020 ला नॅशव्हिलला मध्यरात्रीनंतर टोर्नेडो आला आणि साधारण सव्वा तासाने आमच्या कुकव्हिलला ईएफ 4. आमच्या काउंटीत 19 जण झोपेत किंवा झोपेतून उठता उठता गेले. माझ्या मैत्रिणीची मैत्रीण त्या रस्त्यावर राहायची.

मी दुसऱ्या मजल्यावर लाकडी अपार्टमेंटमध्ये राहते. बेसमेंट नाही. आत्ता बाहेर बर्फ आहे, त्यामुळे सगळे रूममेट म्हणतात की आत्ता कशाला घाबरतेस. मला खरंच कळत नाही की काळजी कधी सुरू करायची. थंडी संपल्यावर किती दिवसांनी?

---

प्लेनोवासी

मृणाल, आजच. बर्फ आहे तोवरच निवांत वेळ आहे. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन विचार, रात्री-अपरात्री दार वाजवलं तर चालेल का. कुणी नाही म्हणत नाही. त्यांच्या घरातली सगळ्यात आतली, खिडकी नसलेली जागा बघून ठेव: क्लोजेट, बाथरूम, जिन्याखालचा कोपरा. बूट आणि सायकलचं हेल्मेट पलंगापाशी. काचांवरून अनवाणी चालावं लागतं, म्हणून बूट.

फोनवरच्या आणीबाणीच्या सूचना चालू आहेत ना ते आत्ता तपास. आणि एक वेदर रेडिओ घे, बॅटरीवर चालणारा. मध्यरात्री टॉवर पडला तरी तो बोलतो. सायरनच्या भरवशावर राहू नकोस, तो घराबाहेरच्या लोकांसाठी असतो. बंद खिडक्या, हीटरची घरघर, ऐकू येईलच असं नाही.

---

हंट्सव्हिलकर

मृणाल, 'किती दिवसांनी' याला आकडा नाही, पण खूण आहे. फोनच्या हवामान अॅपमध्ये तापमान बघतेस, त्याच्या खाली दवबिंदू असतो. थंडीच्या लाटेनंतर तो रोज संध्याकाळी एकदा बघ. गेल्या मार्चमध्ये एका आठवड्यात मी असा चढ पाहिला: सोमवारी 18, मंगळवारी 31, बुधवारी 47, गुरुवारी सकाळी 58, दुपारी 63. फॅरनहाइटमध्ये. बुधवारी रात्री खिडकीच्या काचा आतून सोडून बाहेरून ओल्या झाल्या. बाहेरची हवा दमट झाल्याची ती खूण. गुरुवारी संध्याकाळी वॉच निघाला.

दवबिंदू पंचावन्नच्या वर, वारा दक्षिणेचा आणि झोंबणारा, आणि पश्चिमेकडून फ्रंट येतेय, अशा तिन्ही गोष्टी जुळतात तेव्हा त्या रात्री जागं राहायची तयारी ठेवायची. बाकी रात्री शांत झोप. थंडी किती कडक होती हा प्रश्न त्यात येतच नाही.

---

सीमा_शार्लट

याला पूर्ण अनुमोदन. शिवाय रात्रीचा मुद्दा अधोरेखित करते. एप्रिल-मेमध्ये ओक्लाहोमा-कॅन्ससचे टोर्नेडो बहुधा दुपारी-संध्याकाळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिणेत दिवस लहान, आणि वादळाला ऊन लागतंच असं नाही, कारण शिअर एवढा असतो की थोड्या उष्णतेवरही भागतं. म्हणून अंधारात येतात, पावसात गुंडाळलेले येतात, ताशी 50-60 मैलांनी पळतात. झाडी आणि टेकड्यांमुळे दिवसासुद्धा दिसत नाहीत. 5 फेब्रुवारी 2008 च्या 'सुपर ट्यूजडे'ला, मतदानाच्या रात्री, टेनेसी-आर्कन्सॉ-केंटकी-अलाबामात 57 जण गेले. लोक टीव्हीसमोर होते, पण निकाल बघत होते.

---

अटलांटाचा भाऊ

एक अलीकडचं उदाहरण राहिलं. जानेवारी 2025 मध्ये आखाताच्या काठावर बर्फाचं वादळ आलं. न्यू ऑर्लिन्समध्ये 8 इंच बर्फ! लेक चार्ल्सच्या हवामान कार्यालयाने त्याच्या इतिहासातला पहिला ब्लिझर्डचा इशारा दिला. फ्रेंच क्वार्टरमध्ये लोक बर्फात खेळत होते. आमच्या ग्रुपवर तेव्हाही 'यंदा आखात गोठलं, वसंत शांत' असे निरोप फिरले. आणि 14 ते 16 मार्चला शंभराहून जास्त टोर्नेडो. आर्कन्सॉत डायझला ईएफ 4. बर्फाला दोन महिनेही झाले नव्हते. असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हा धागा वाचा.

मला अजून एक विचारायचंय. हवामानबदलाने हे सगळं सरकतंय का? डिसेंबर 2021 मध्ये केंटकीत मेफील्ड, फेब्रुवारी 2024 मध्ये चक्क विस्कॉन्सिन.

---

वेधशाळा

विस्कॉन्सिनमधला फेब्रुवारीतला तो पहिलाच नोंदलेला टोर्नेडो होता, हे खरं. 10 डिसेंबर 2021 चा मेफील्डचा टोर्नेडो 165 मैल जमिनीवर होता, 57 बळी. दोन्ही वेळी महिना विलक्षण उबदार होता, जमीन बर्फाविना, दवबिंदू ऋतूला न शोभणारा. हिवाळ्यातले उबदार दिवस वाढले तर अशा संधी वाढणार, हे तर्काला धरून आहे. व्हिक्टर जेन्सिनी आणि हॅरल्ड ब्रूक्स यांनी 2018 मध्ये दाखवलं की 1979 पासून टोर्नेडोला पोषक वातावरण टेक्सास-ओक्लाहोमाकडून पूर्वेला, मिसिसिपी-अलाबामा-टेनेसीच्या दिशेने वाढत गेलंय. म्हणजे नेमकं जिथे रात्रीचे, हिवाळ्यातले टोर्नेडो होतात आणि फिरती घरं जास्त आहेत, तिथे.

पण उबदार हिवाळे वाढले म्हणून थंडीच्या लाटा थांबलेल्या नाहीत. 2021 आणि 2025 ची उदाहरणं वर आलीच आहेत. त्यामुळे पुढेही अशाच उड्या दिसतील: आठवडाभर गोठलेलं, मग तीन दिवसांत चैत्रासारखं, मग वॉच. लोन ग्रोव्ह, ओक्लाहोमा, 10 फेब्रुवारी 2009: ईएफ 4, आठ मृत्यू. त्याच्या दोनच आठवडे आधी ओक्लाहोमापासून केंटकीपर्यंत बर्फाच्या पावसाने तारा लोळवल्या होत्या. उडी अशी दोन आठवड्यांची असते.

---

मृणाल_कुकव्हिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलले. त्यांनी 2020 ची रात्र याच इमारतीत काढलीय. त्यांच्या जिन्याखालच्या कपाटातले खोके आम्ही दोघींनी मिळून काढले. तिघी दाटीवाटीने बसू शकतो. रेडिओ मागवलाय, काउंटीचा कोड घालायचा कसा ते त्या दाखवणार आहेत.

दादा, दवबिंदू आज 22 आहे. आणि ताई, आखाताचं पाणी किती गार आहे ते घरबसल्या कुठे बघता येतं?

---

वेधशाळा

मृणाल, काकूंचा नंबर फोनमध्ये 'आवडते'मध्ये टाक आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मध्येही त्यांचा कॉल वाजेल अशी सेटिंग तपास; रात्री फोन नुसता सायलेंटवर ठेवू नकोस.

पाण्यासाठी नोआच्या (अमेरिकेची सरकारी हवामान-समुद्र संस्था) डेटा बॉय केंद्राचं संकेतस्थळ आहे. बॉय म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेलं, नोंदी घेणारं तरंगतं यंत्र. दोन बॉय बघ. 42035 गॅल्व्हस्टनजवळ उथळ पाण्यात आहे, 42001 आखाताच्या मध्यावर. एखादा दुरुस्तीसाठी बंद असेल तर शेजारचा घ्यायचा. पाण्याचं तापमान, हवेचं तापमान आणि वाऱ्याची दिशा, तिन्ही मिळतात. थंडीच्या लाटेत दोन्हीकडे उत्तरेचा वारा दिसेल आणि गॅल्व्हस्टनचं पाणी झरझर उतरेल, मध्यावरचं जेमतेम हलेल. मध्यावरच्या बॉयवर वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा झाला आणि तिथला दवबिंदू साठीच्या वर गेला, की ती हवा टेनेसीच्या वाटेला लागली असं धर. तुझ्यापर्यंत पोचायला तिला साधारण एक-दोन दिवस लागतात. त्या दिवशी सकाळी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा (वादळांचा अंदाज देणारं सरकारी केंद्र) नकाशा उघडून तुझ्या काउंटीवर कोणता रंग आहे ते बघ, आणि काकूंना सांग.